लायसन्स आलं, गाडी अजून दारातच: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नव्या चालकांसाठी

आरटीओचं स्मार्ट कार्ड पोस्टानं घरी आलं, त्याचा फोटो नातेवाइकांत फिरला, आणि गाडी मात्र अजून दारातच उभी आहे. बाजाराला जायचं तर रिक्षा, खानापूरला लग्न असलं तर भावाला फोन. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठंही बघा, असे लायसन्सवाले दर गल्लीत सापडतात. त्यात नुकतंच कॉलेज संपलेली पोरं आहेत, पन्नाशीत शिकलेल्या बायका आहेत, आणि जन्मभर ट्रॅक्टर हाकून आता कारच्या हलक्या क्लचला बिचकणारे शेतकरीही आहेत. गिअर कसा टाकायचा, गाडी मागे कशी घ्यायची हे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये झालंय असं धरून इथं पुढचं सांगतोय.

टेस्टच्या ट्रॅकवर समोरून कुणी येत नाही. तिथं हात आणि पाय तपासले जातात. रस्त्यावर काम असतं डोळ्यांना: पुढच्या रिक्षाचं चाक कुठं वळतंय, उभ्या बसच्या आडून कोण निघेल, स्कूटरवरची पोरगी मागं न बघता वळणार आहे का. नव्या माणसाचं निम्मं लक्ष क्लच-गिअरमध्ये अडकलेलं असतं, त्यामुळं डोळ्यांच्या वाट्याला लक्ष उरत नाही. छातीत धडधडतं ते त्यामुळं. हात-पायांचं काम आपोआप व्हायला लागलं की डोळे मोकळे होतात आणि भीती बरीचशी आपसूक उतरते.

म्हणून माझा सगळा भर एकाच नियमावर आहे: एका फेरीत एकच गोष्ट नवी. रस्ता, वेळ, हवा आणि गाडीत बसलेली माणसं, या चारांपैकी एका वेळी एकच बदलायची. रस्ता नवा असेल तर सकाळची ओळखीची वेळ ठेवा. अंधारात पहिल्यांदा निघणार असाल तर रस्ता पाठ असलेला घ्या. लायसन्स मिळाल्यावर पहिल्याच रविवारी घरची सगळी माणसं कोंबून सौंदत्तीच्या यल्लम्माला निघालेले लोक मी बघितलेत. रस्ता नवा, वजन नवं, गर्दी नवी आणि मागून तिघांच्या सूचना. परत आल्यावर त्या माणसानं सहा महिने किल्लीला हात लावला नाही तर नवल काय?

आधी दारातच, गाडी न हलवता

सीट लावायला दहा मिनिटं द्या. क्लच पूर्ण दाबल्यावरही डावा गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाठ सीटला टेकवून हात सरळ केला की मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर टेकायला हवं. छाती आणि स्टेअरिंग यांत साधारण २५ सेंटिमीटर अंतर ठेवा, कारण एअरबॅगला फुगायला जागा लागते. घाबरलेला माणूस पुढं सरकून स्टेअरिंगला चिकटून बसतो, आणि त्यानंच त्याला बाजूचं कमी दिसतं. उंची कमी असेल तर सीट वर घेण्याचा खटका बघा. तो नसेल तर घट्ट, न सरकणारी गादी घ्या; मऊ उशी ब्रेक मारताना घसरते.

बाजूच्या आरशांत आपल्या गाडीची अगदी बारीक पट्टी दिसावी, बाकी सगळा रस्ता. बरेच लोक अर्ध्या आरशात स्वतःचीच गाडी बघत फिरतात.

आता गाडीची रुंदी. आपण उजवीकडं बसतो, म्हणून डावी बाजू कायम अंदाजानं चालते आणि ओरखडे तिथंच पडतात. यावर फुकटचा उपाय आहे. अंगणात किंवा मोकळ्या जागेत चुन्याची लांब सरळ रेघ ओढा. डावी चाकं त्या रेघेवरून जातील अशी गाडी हळू पुढं घ्या, थांबा, उतरा, बघा, परत बसा. चाकं बरोबर रेघेवर असताना ती रेघ तुमच्या डोळ्यांना बॉनेटच्या नेमक्या कुठल्या जागी शिरताना दिसते ते लक्षात ठेवा. प्रत्येकाच्या उंचीप्रमाणं आणि गाडीप्रमाणं ती जागा वेगळी असते. पुढच्या बंपरसाठी रिकामा पुठ्ठ्याचा खोका ठेवा, "आता लागेल" वाटलं की थांबा आणि उतरून अंतर बघा. बहुतेकांचा मीटरभर तरी शिल्लक असतो. मागच्या बाजूलाही असंच. हा खेळ तीन-चार संध्याकाळी केला की गल्लीत समोरून टेम्पो आला तर हात कापत नाहीत.

पायात सैल चप्पल नको. कागदपत्रं डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये ठेवली की चालतात. लायसन्स कर्नाटकाचं असलं तरी शिनोळी ओलांडून महाराष्ट्रात गेल्यावर किंवा गोव्यात वेगळं काही लागत नाही, ते देशभर चालतं. इन्शुरन्स आणि पीयूसीची तारीख मात्र बघून ठेवा.

पहिले दोन-तीन आठवडे: तोच रस्ता, तीच वेळ

बेळगावात राहत असाल तर कॅम्पातले रुंद, झाडांखालचे रस्ते सकाळी सहाला सुरुवातीला बरे. फिरायला आलेली माणसं आणि धावणारे जवान असतात, तेवढं सांभाळायचं. उद्यमबागेत सुट्टीच्या दिवशी रस्ते मोकळे मिळतात. निपाणी, चिकोडीकडच्यांनी गावाबाहेरचा शेताकडं जाणारा डांबरी रस्ता घ्यावा. हायवेचा सर्व्हिस रोड मात्र टाळा. तो रिकामा दिसतो, पण उलट्या दिशेनं येणाऱ्या मोटारसायकली तिथंच सगळ्यांत जास्त.

पहिल्या फेऱ्या फक्त डावीकडं वळण्याच्या. घरातून निघून सगळी वळणं डावीकडं घेत परत घरी येता येईल अशी वाट शोधा. डाव्या वळणाला समोरची वाहतूक ओलांडावी लागत नाही, म्हणून मनावर ओझं कमी. ही वाट बोलत बोलत चालवता यायला लागली की तीच उलटी करा, म्हणजे सगळी वळणं उजवीकडं. उजवं वळण घ्यायला थांबताना रस्त्याच्या मधोमध थांबा, पण चाकं सरळ ठेवा. आधीच उजवीकडं वळवून ठेवली आणि मागून कुणी धडकलं, तर गाडी थेट समोरून येणाऱ्या वाहनापुढं ढकलली जाते.

बोलत बोलत म्हणजे खरंच तोंडानं. "पुढं हंप आहे, मागं बुलेट आहे, डावीकडं शाळेची व्हॅन थांबलीये, तिचं दार उघडेल." ऐकायला वेड्यासारखं वाटतं, पण बोललेलं लवकर डोक्यात बसतं आणि आपण काय बघायचं विसरतोय तेही कळतं. एकटे असाल तर काच वर घ्या म्हणजे झालं.

या टप्प्यात रोज वीस मिनिटं पुरे. रविवारी एकदम तीन तास काढण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं फार जास्त शिकवतात, कारण पाय रात्रीतून विसरतो आणि सकाळी त्याला परत आठवण करून द्यावी लागते.

शेजारच्या सीटवर कोण?

हा प्रश्न क्लचपेक्षा मोठा आहे. घरातला सगळ्यांत चांगला ड्रायव्हर हा बहुतेक वेळा सगळ्यांत वाईट सोबती ठरतो. त्याचा उजवा पाय आपोआप नसलेला ब्रेक दाबतो, तोंडातून "अगं अगं अगं" निघतं, आणि चालवणारीचे डोळे रस्त्यावरून त्याच्याकडं वळतात. नवऱ्यानं बायकोला शिकवणं हा आमच्याकडं भांडणाचा हमखास मार्ग आहे. मामा, मोठी बहीण, शेजारचे निवृत्त बस ड्रायव्हर, कुणी शांत माणूस असेल तर त्यांना विचारा. वायव्य परिवहनमधून निवृत्त झालेला ड्रायव्हर मिळाला तर सोनंच. त्याला रस्त्यावरच्या कुठल्याच गोष्टीचं आश्चर्य वाटत नाही.

निघण्याआधी ठरवून घ्या: सोबत्यानं फक्त दोन गोष्टी बोलायच्या, "थांब" आणि "डावीकडं घे". बाकी चुका घरी आल्यावर, चहा पिताना. आणि दहा-बारा फेऱ्या झाल्या की एकट्यानं निघा. शेजारी कुणी असेपर्यंत निर्णय अर्धा त्याचा असतो. एकट्यानं दळण आणून बघा, फरक कळेल.

चढावर थांबलेली गाडी

बेळगावात नवा माणूस कशाला घाबरतो हे विचारलं तर दहातले आठ जण कपिलेश्वर उड्डाणपुलाचं नाव घेतील. संध्याकाळची वेळ, चढावर रांग, मागं बंपरला चिकटलेली रिक्षा, आणि तुमची गाडी मागं सरकणार ही खात्री. तिसऱ्या रेल्वे गेटचा पूल आणि गोगटे सर्कलचा पूल याच जातीचे. म्हणून याची तयारी पुलावर नको, दुसरीकडं करायची. येळ्ळूरच्या राजहंसगडाकडं चढणारा रस्ता सकाळी रिकामा असतो. तसा कुठलाही चढ चालेल. मागं मोकळी जागा बघा आणि हे करा.

गाडी ब्रेकवर थांबवा. हँडब्रेक पूर्ण ओढा आणि पायाचा ब्रेक सोडून बघा: गाडी जागेवरून हलली नाही? मग तुमचा हँडब्रेक ठीक आहे. हलली तर गॅरेजला आधी जा, सराव नंतर. आता पहिला गिअर टाका आणि क्लच अगदी हळू सोडा. एका क्षणी इंजिनाचा आवाज जड होईल, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटेल, सीटखाली थोडी थरथर येईल. तिथंच पाय थांबवा. ती जागा सापडणं हीच सगळी विद्या आहे. हलका ॲक्सिलरेटर द्या आणि मग हँडब्रेक खाली सोडा. गाडी एक इंचही मागं न जाता पुढं सरकेल. क्लच उरलेला हळू सोडा.

हे पंधरा-वीस वेळा एकाच चढावर करा. मधेमधे गाडी थंड होऊ द्या, कारण क्लच घासला जातो आणि जळका वास येऊ शकतो. वास आला तर घाबरू नका, पण थांबा. मग पुढची पायरी: हँडब्रेकशिवाय, फक्त ब्रेकवरून. ही जमली नाही तरी काही बिघडत नाही. वीस वर्षं चालवणारे लोकसुद्धा अवघड चढावर हँडब्रेक ओढतात आणि त्यात लाज नाही.

एक गैरसमज काढायला हवा. "आमची ऑटोमॅटिक आहे, मागं जात नाही" असं लोक सांगतात. स्वस्त ऑटोमॅटिक गाड्यांत जी एएमटी असते (आत क्लच-गिअरच, फक्त ते गाडी स्वतः बदलते), तीत हिल होल्ड, म्हणजे चढावर गाडी धरून ठेवायची सोय, नसेल तर चढावर ती मागं येते, अगदी क्लचच्या गाडीसारखी. तिथंही हँडब्रेकच.

पुलावर रांगेत थांबताना पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील एवढं अंतर सोडून थांबा. पुढचा मागं आला तरी तुम्हाला लागणार नाही, आणि तो बंद पडला तर बाजूनं काढायला जागा राहील. आता मागचा हॉर्न. गाडी बंद पडलीच तर एवढंच करायचं: ब्रेक, हँडब्रेक, क्लच, न्यूट्रल, चावी, पहिला गिअर. क्रम तोच, घाई नाही. मागचा हॉर्न मारूलालाय? मारू दे की. हॉर्ननं गाडी सुरू होत नाही. मात्र पहिल्यांदा कपिलेश्वर पूल चढायचा तो रविवारी सकाळी, संध्याकाळी सहाला नव्हे.

गल्ली, बाजार, सर्कल

शहापूर, वडगाव, खासबागच्या गल्ल्यांत, गणपत गल्ली-खडेबाजारच्या बाजूला वेग हा विषयच नसतो. तिथं पहिल्या गिअरमध्ये अर्ध्या क्लचवर सरकत राहणं एवढंच कौशल्य. समोरासमोर गाड्या आल्या तर ज्याच्या मागं रुंद जागा जवळ आहे त्यानं मागं जायचं. मागं जाताना आरशावर भिस्त न ठेवता मान वळवा. जागा अगदी चिमटीत असेल तर आरसे दुमडा आणि निम्मी काच खाली घेऊन उजवी बाजू डोळ्यांनी बघत जा. डावीसाठी ती चुन्याची रेघ आठवा. घाई झालेल्या मोटारसायकलवाल्याला आधी जाऊ द्या. तो तुमच्या दोन्ही बाजूंनी जाणारच आहे, तर तुमच्या संमतीनं गेलेला बरा.

चन्नम्मा सर्कलसारख्या ठिकाणी कागदावरचा नियम असा: सर्कलमध्ये आधीच फिरत असलेल्याला पहिला हक्क. प्रत्यक्षात तो पाळणारे थोडे, पण तुम्ही पाळा, आणि आत शिरल्यावर मधेच थबकू नका. नवा माणूस सर्कलमध्ये भिऊन मधोमध उभा राहतो आणि मग सगळीकडून कोंडी होते. बाहेर पडायचा रस्ता चुकला तर पूर्ण फेरी मारून परत या. कुणी मोजत नाही.

गणपती, शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, डिसेंबरातलं विधिमंडळ अधिवेशन, या काळात रस्ते अचानक बंद होतात आणि वाहतूक अनोळखी गल्लीतून वळवली जाते. पहिल्या वर्षी त्या दिवसांत शहराच्या मध्यात गाडी नेऊच नका. मधला भाग सोडून कुठंतरी लावा आणि चालत जा.

पार्किंगबद्दल फार लिहीत नाही. शक्य तिथं मागं घेऊनच लावा, म्हणजे निघताना तोंड रस्त्याकडं राहतं. दार उघडण्याआधी आरसा बघा. दाराला धडकून पडलेला सायकलवाला ही तुमचीच जबाबदारी ठरते.

हायवे

पुणे-बेंगळुरू रस्ता, म्हणजे आताचा राष्ट्रीय महामार्ग ४८, याची भीती उगाच वाटत नाही. पण खरं सांगायचं तर गल्लीपेक्षा तो सोपा आहे. समोरून कुणी येत नाही, गिअर बदलावे लागत नाहीत. अवघड तीनच जागा: शिरणं, लेन बदलणं आणि बाहेर पडणं.

पहिली फेरी छोटी ठेवा. सकाळी शहरातून बाहेर पडून हलग्याजवळच्या सुवर्णसौधापर्यंत जा आणि परत या, किंवा दुसऱ्या बाजूला काकतीपर्यंत. शिरताना सर्व्हिस रोडवर किंवा रॅम्पवरच वेग वाढवून घ्या. वीसच्या वेगानं हायवेवर घुसणं सगळ्यांत धोक्याचं, कारण मागून येणारा ऐंशीवर असतो. आरसा, इंडिकेटर, मान वळवून एक नजर, मग शिरा. डाव्या लेनमध्ये साठ-सत्तरवर राहा. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणं दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारला कमाल १०० ची मुभा आहे, पण फलकावर त्याहून कमी आकडा असेल तर तोच खरा. सहापदरीकरणाची कामं चालू असतील तिथं वळणमार्ग आणि रेती असते, तिथं चाळीसही जास्त.

अंतराचा हिशोब एकदा करून ठेवा. साठच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. मेंदूला कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर ब्रेक लागण्याआधीच २५ मीटर संपले. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर थांबायला अजून वीसेक मीटर. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. म्हणून पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की "एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन" म्हणा. तेवढं म्हणून होण्याआधी तुम्ही त्या खांबाशी पोचलात तर फार जवळ आहात. मधल्या जागेत कुणी घुसलं तर परत मागं राहा. चिडू नका, त्यात दोन सेकंदांपेक्षा जास्त जात नाहीत.

आपल्याकडं ट्रक उजव्या लेनमध्ये निवांत चालतात. डावीकडून काढावं लागलंच तर उतरणाऱ्या, चढणाऱ्या माणसांवर आणि उभ्या वाहनांवर डोळा ठेवा. ट्रकच्या ड्रायव्हरचा आरसा तुम्हाला दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

वंटमुरी घाट, निपाणीजवळचा तवंदी घाट: उतरताना न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवायचं नाही. तिसऱ्या गिअरमध्ये उतरा, इंजिनच गाडी धरून ठेवतं. सारखा ब्रेक दाबून ठेवला की तो तापतो आणि पकड सोडतो. अवजड ट्रकच्या पुढं उतारावर एकदम कमी वेगानं घुसू नका; त्याला थांबणं तुमच्याइतकं सोपं नसतं.

टोलसाठी, हत्तरगी असो की कोगनोळी, फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते घरीच बघा. टोलच्या अलीकडं लेन शोधताना सगळे एकाच वेळी तिरके होतात. लांबूनच एक लेन निवडा आणि ती सोडू नका.

उसाचे दिवस

दसरा-दिवाळीच्या सुमाराला साखर कारखाने सुरू झाले की आपल्या जिल्ह्यातले रस्ते बदलतात. चिकोडी, संकेश्वर, निपाणी, गोकाक, सगळीकडं ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, त्यांतून बाहेर आलेला ऊस, आणि मागं दिवा नाही. नव्या चालकानं हे वर्षातलं सगळ्यांत मोठं संकट समजावं. पहिल्या हंगामात, शक्य असेल तर, रात्री ऊस पट्ट्यातल्या दुपदरी रस्त्यावर जाऊच नये. मला विचाराल तर हा या लेखातला सगळ्यांत महत्त्वाचा सल्ला आहे.

जावंच लागलं तर वेग एवढाच ठेवा की हेडलाइटचा उजेड जिथवर पोचतो त्याच्या आत गाडी थांबली पाहिजे. डिपरवर, म्हणजे खालच्या झोतात, साधारण चाळीस-पन्नास मीटर नीट दिसतं, म्हणजे वरच्या हिशोबानं पन्नास-पंचावन्नच्या वर जाणं म्हणजे न दिसणाऱ्या जागेत गाडी घालणं. समोरून अप्पर मारत कुणी आलं तर त्याच्या दिव्याकडं बघू नका. नजर रस्त्याच्या डाव्या कडेवरच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवा आणि वेग कमी करा. बिनदिव्याची ट्रॉली नेमकी अशाच वेळी पुढं असते. बंद पडलेली ट्रॉली असेल तर मागं दगड किंवा झाडाची फांदी टाकलेली असते. रस्त्यात फांदी दिसली की ब्रेक.

डबल ट्रॉली ओव्हरटेक करण्याचा हिशोबही सांगतो, कारण इथं अंदाज हमखास चुकतो. ट्रॅक्टर वीसच्या वेगात, तुम्ही पन्नासच्या. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून कारच्या चौपट लांब. मागं-पुढं सुरक्षित जागा धरली तर पूर्ण पुढं जायला सहा सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही ऐंशी मीटरच्या वर गेलात आणि समोरून ऐंशीच्या वेगानं येणारा १३० मीटर पुढं आला. म्हणजे निदान तीनशे मीटर मोकळा रस्ता दिसला पाहिजे. कडेचे विजेचे खांब मोजा, सहा-सात खांबांपर्यंत स्वच्छ दिसत नसेल तर थांबा. वळण, चढाचा माथा, मोरी, फाटा इथं तर नाहीच. ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी लागलेली असतात, तुमचा हॉर्न त्याला ऐकू जातो या भ्रमात राहू नका.

ट्रॅक्टरमागं पंचवीस मिनिटं जावं लागलं तर जा. घरी पोचल्यावर कुणी विचारत नाही.

पाऊस आणि घाट

जूनच्या पहिल्या सरींत रस्ता सगळ्यांत निसरडा असतो. महिनोन्‌महिने साचलेलं तेल आणि धूळ पाण्यावर येते. नंतर खानापूर भागात रोप लावणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातला लाल चिखल डांबरावर येतो. वळणावर तो तेलासारखाच. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली असेल तर टायर बदलल्याशिवाय पावसाळ्यात निघू नका. आत काच धुरकट झाली तर एसी लावून हवा काचेकडं सोडा, फडक्यानं पुसत बसू नका. पावसात चालताना चारही इंडिकेटर लावण्याची फॅशन आहे, ती चुकीची आहे. ते दिवे बंद पडलेल्या किंवा अडथळा करून उभ्या गाडीसाठी असतात, आणि ते चालू असताना तुम्ही वळणार आहात का हे कुणालाच कळत नाही. साधे हेडलाइट लावा.

एप्रिल २०१९ पासूनच्या सगळ्या नव्या कारमध्ये एबीएस आहे, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा. जोरात ब्रेक दाबला की पायाखाली पेडल थडथडतं आणि खरखर आवाज येतो. अनेक जण घाबरून पाय उचलतात. उचलायचा नाही, तसाच दाबून ठेवून स्टेअरिंग वळवायचं. मोकळ्या ओल्या मैदानात चाळीसच्या वेगात एकदा मुद्दाम करून बघा, म्हणजे खऱ्या वेळी ती थरथर ओळखीची वाटेल.

घाटांचा क्रम माझ्या मते असा असावा. आधी हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, बाचीवरून शिनोळीपर्यंतचा साधा दुपदरी रस्ता. मग गणेबैलवरून खानापूर. नंतर जांबोटी, कणकुंबी. आंबोली त्याच्यानंतर, तीही कोरड्या दिवसांत. चोर्ला सगळ्यांत शेवटी, कारण तिथली वळणं तीव्र, रस्ता जागोजागी अरुंद आणि गोव्याला निघालेल्यांना घाई. अरुंद चढावर चढणाऱ्या गाडीला पहिला हक्क, उतरणाऱ्यानं थांबायचं. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. आंधळ्या वळणावर हलका हॉर्न द्या, रात्री डिपर-अप्पर करा. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात संध्याकाळनंतर गवे रस्त्यावर येतात. एक गेला की लगेच निघू नका, मागं बहुतेक कळप असतो. हॉर्न मारून त्याला हुसकवायला जाऊ नका.

कन्नड वाचता येत नसेल तरी चिन्हांवरून काम भागतं, पण चार शब्द कानावर असावेत. एडक्के म्हणजे डावीकडं, बलक्के म्हणजे उजवीकडं, "निधानवागि चलिसि" म्हणजे हळू चालवा, "अपघात वलय" तर कळतंच. पोलिसांनी हात केला तर डावीकडं घेऊन गाडी बंद करा, काच खाली घ्या आणि मोबाइलमधली कागदपत्रं दाखवा. मराठीतून शांतपणे बोललात तरी इथं कुणाला कळत नाही असं होत नाही.

ठोकर लागली तर

एखादा ओरखडा पहिल्या वर्षात पडणारच. पण खरी ठोकर लागली तर आधी इंजिन बंद, चारही इंडिकेटर चालू, आणि कुणाला लागलंय का ते बघा. ११२ लावा, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा मदतीचा नंबर आहे, ॲम्ब्युलन्ससाठी १०८. जखमीला दवाखान्यात पोचवणं आणि पोलिसांना लवकरात लवकर, फार तर २४ तासांत, कळवणं ही चालकाची कायद्यानं जबाबदारी आहे. जमाव जमून अंगावर येईल अशी भीती असेल तर थेट जवळच्या पोलीस स्टेशनला जाऊन कळवा. पळून जाणं मात्र गुन्हा वाढवतं. मदत करणाऱ्या तिऱ्हाईताला २०१९ च्या दुरुस्तीनं कायद्याचं संरक्षण आहे, हे बघ्यांना सांगितलं की हात पुढं येतात.

गाडी हलवण्याआधी चार-पाच फोटो काढा: दोन्ही नंबरप्लेट, रस्त्याची जागा, नुकसान. समोरचा एमएच-०९ किंवा जीए पासिंगचा असेल तरी काही फरक पडत नाही, थर्ड पार्टी इन्शुरन्स देशभर लागू असतो. "इथंच मिटवूया" म्हणून हातात नोटा ठेवल्या जातील. छोटा डेंट असेल तर तुम्ही ठरवा, पण माणसाला लागलं असेल तर तोंडी तडजोड करू नका. इन्शुरन्स कंपनीला त्याच दिवशी फोन करा, गॅरेजला सांगण्याआधी.

गाडी दुरुस्त होऊन आली की ती फार दिवस उभी ठेवू नका. पहिली फेरी सकाळी सहाला, सोबत तो शांत माणूस घेऊन, आणि ठोकर लागली त्याच जागेवरून. दुसरी फेरी तिथूनच, एकट्यानं.